वारा, शीड आणि आपली मुले

(ज्ञातिसंघाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



या व्यासपीठावरून दरवर्षी विद्वान वक्त्यांची भाषणे होत असतात. त्या पंक्तीत आम्हाला बसविण्याचा आग्रह चिटणीसांनी का धरला, हे त्यांचे त्यांनाच ठाऊक. मॅट्रिकपर्यंतचे शिक्षण आणि छत्तीस वर्षांची मास्तरकी एवढीच आमची शिदोरी. तेव्हा शास्त्र-पुराणांतील विषय न घेता, आम्ही स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेल्या एका दुपारची हकीकत आपणांस सांगणार आहोत. हकीकत लहान आहे. परंतु तिच्या शेवटी आपणांपुढे एक मागणे ठेवावयाचे आहे. म्हणून आरंभापासून लक्ष द्यावे, ही विनंती.

आमच्या धाकट्या बंधूंची नात मुंबईस राहते. वय वर्षे चौदा. शाळेतील एका मैत्रिणीच्या संगतीने ही मुलगी मुंबई बंदरातील एका नौकाक्रीडा मंडळात शिडाची होडी हाकावयास शिकू लागली. दोन वर्षे हे चालले होते. तिसऱ्या वर्षी घरात कुरबुर सुरू झाली. मुलीचा रंग उन्हाने रापला, हाताला घट्टे पडले, आणि पुढील वर्षी दहावीची परीक्षा! अखेर आमच्या भावजयीने आम्हाला निरोप धाडला, "भाऊजी, तुम्ही घरातले वडील, त्यातून मास्तर. तुमचे ती ऐकेल. एकदा येऊन तिला समजावून सांगा." त्याप्रमाणे २०२४ सालच्या मार्च महिन्यात आम्ही मुंबईस गेलो. मुलीला समजावयाचे आणि होडीचा नाद सोडवून यावयाचे, असा आमचा निश्चय होता.

हा निश्चय केवळ भावजयीच्या शब्दाखातर नव्हता. आपल्या ज्ञातीचे वाडवडील गलबतांवर वाढले, हे येथील प्रत्येकास ठाऊक आहे. कोणाचे पणजोबा तांडेल होते, कोणाचे सुकाणी. आमचे एक काका ऐन तारुण्यात वादळात सापडले. गलबत परत आले नाही, माणसेही आली नाहीत. त्या दिवशी आमच्या आजीने परभाणाचा उरलेला तुकडा चुलीत घातला आणि या घरातले मूल पुन्हा पाण्यावर जाणार नाही, असे बजावले. त्या धाकात आम्ही वाढलो. पुढे मास्तर झालो, तेव्हा तोच धाक आम्ही वर्गात वाटला. "पाण्याकडे पाठ करा आणि पुस्तकाकडे तोंड करा," हे आमचे वाक्य आमच्या जुन्या विद्यार्थ्यांना आजही आठवत असेल.

रविवारचा दिवस होता. मुलीबरोबर आम्ही धक्क्यावर गेलो. सकाळी वारा अगदी मंद, जमिनीकडून येणारा. ज्याला आपले लोक मतलई म्हणतात, तो. दुपारी बाराच्या पुढे मात्र रंग पालटला. उन्हाने जमीन तापते, तिच्यावरील हवा हलकी होऊन वर जाते आणि तिची जागा घेण्यास समुद्रावरील थंड हवा धावून येते, हे आम्ही चौथीच्या मुलांना फळ्यावर आकृती काढून शिकविले आहे. परंतु फळ्यावरचा वारा डोक्यावरची टोपी उडवीत नाही. दीडच्या सुमारास वायव्येकडून असा वारा सुटला की, धक्क्यावरील निशाणे फडफडण्याऐवजी ताठ उभी राहिली आणि बंदरातील पाण्यावर जिकडेतिकडे पांढरा फेस दिसू लागला.

मंडळाच्या एका शिक्षकांनी वारा मोजून सांगितले, "अठरा नॉट, मध्येच वीस." एक नॉट म्हणजे ताशी १.८५२ किलोमीटर, तेव्हा अठरा नॉट म्हणजे ताशी सुमारे तेहतीस किलोमीटर. ब्रिटिश नौदलातील अधिकारी फ्रान्सिस बोफर्ट यांनी १८०५ साली वाऱ्याच्या जोराची जी श्रेणी बसविली, तिच्यात हा वारा पाचव्या पायरीचा ठरतो. ही पायरी १७ ते २१ नॉटांची. मोठ्या जहाजास असा वारा म्हणजे काहीच नव्हे. परंतु येथे एक गणित ध्यानात ठेवावे. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की, शिडावरील त्याचा दाब दुप्पट न होता चौपट होतो. दहा नॉटांच्या वाऱ्यात हसतखेळत चालणारी होडी वीस नॉटांत चार हत्तींचे बळ अंगावर घेते. त्यातच मुंबईच्या उंच इमारतींवरून उतरणारा वारा एकसारखा येत नाही. तो धक्के देत, दिशा बदलीत येतो.

आता या होडीविषयी दोन शब्द. तिला ऑप्टिमिस्ट असे नाव आहे. १९४७ साली अमेरिकेतील फ्लोरिडा प्रांतात क्लिअरवॉटर या गावी क्लार्क मिल्स नावाच्या होडी बांधणाऱ्या कारागिराने ती मुलांसाठी तयार केली. प्लायवुडच्या तक्त्यांतून स्वस्तात व्हावी, हा त्यातील हेतू. लांबी अवघी पावणेआठ फूट, सांगाड्याचे वजन ३५ किलो, तोंड चौकोनी. लांबून पाहिले तर परातच तरंगत आहे असे वाटावे. एक डोलकाठी, एक शीड, शीड ताणून धरणारी एक तिरपी काठी, एक सुकाणू, आणि होडी वाऱ्याने आडवी सरकू नये म्हणून मधल्या फटीतून पाण्यात सोडलेली एक फळी. आत एकच मूल. शर्यतीत पंधरा वर्षांपर्यंतच्या मुलांनाच ती चालविता येते. आज जगभर लहान मुले याच होडीत पहिले धडे घेतात.

त्या दिवशी अशा अकरा होड्या पाण्यात उतरल्या. प्रत्येक मुलाच्या अंगात तरंगते जाकीट होते, आणि दोन मोटारहोड्या राखणीस होत्या. ज्यास पोहता येत नाही, त्यास या मंडळात होडीत बसूच देत नाहीत. हे ऐकून आम्ही थोडे दचकलो. त्याचे कारण पुढे सांगू.

शर्यतीचा आरंभ मोठा मौजेचा असतो. धावण्याच्या शर्यतीत सर्वजण रेषेवर उभे राहतात. होडीस उभे राहता येत नाही. म्हणून पाच मिनिटे आधी निशाण चढते आणि आवाज होतो; चार मिनिटे उरता दुसरे निशाण; एक मिनिट उरता ते उतरते; आणि नेमक्या क्षणी पहिले निशाण उतरले की शर्यत सुरू. या पाच मिनिटांत मुले रेषेच्या मागे घिरट्या घालीत असतात. आधी रेषा ओलांडली तर परत फिरावे लागते, उशीर केला तर मागे पडावे लागते. घड्याळ, वारा आणि शेजारची होडी, या तिन्हींकडे एकाच वेळी लक्ष! चाळीस मिनिटांच्या तासात ज्या मुलांचे चित्त ठिकाणावर राहत नाही म्हणून आम्ही छडी उगारली, त्यांना हे कोणी शिकविले असते तर, असा विचार आमच्या मनात येऊन गेला.

पहिली खूण वाऱ्याच्या तोंडावर असते. शिडाची होडी वाऱ्याच्या थेट तोंडावर जाऊ शकत नाही; सुमारे ४५ अंशांचा कोन ठेवून कधी डावीकडे, कधी उजवीकडे असे नागमोडी जावे लागते. दोन होड्या समोरासमोर आल्या तर जिच्यावर वारा उजव्या बाजूने येत असेल, तिला दुसरीने वाट द्यावी, असा नियम आहे. पंच दूर नावेत असतो. नियम पाळावयाचा तो मुलांनी आपल्या आपण. आमची नात पाय होडीतील पट्ट्यात अडकवून, सारे अंग बाहेर झोकून, पाण्यावर जवळजवळ आडवी झाली होती. वाऱ्याचा झोत आला की ती शिडाची दोरी वीतभर सोडी, झोत गेला की ओढून घेई. लाटेचे पाणी तोंडावर येत होते, आणि मध्येच एका हाताने ती डब्याने होडीतील पाणी उपसून टाकीत होती. तिच्या हातास घट्टे का पडले, ते आम्हाला दुर्बिणीतून दिसले.

दुसरी खूण वळताना ती तिसरी होती. तेवढ्यात वाऱ्याचा मोठा झोत आला आणि तीन होड्या उलटल्या. दोन एकमेकींजवळ होत्या. राखणीच्या मोटारहोड्या तिकडे धावल्या. तिसरी एकटी, बरीच दूर होती. तिच्यातील बारा वर्षांचा मुलगा पालथ्या होडीस धरून होता. उलटलेली होडी सरळ करण्याची एक रीत आहे. त्या मधल्या फळीवर चढून उभे राहिले की शरीराच्या भाराने होडी पुन्हा उठते. सर्व मुलांना ती शिकविलेली असते. परंतु शिकलेले प्रसंगी आठवतेच असे नाही. तो मुलगा घाबरला होता. त्याचे ओरडणे वाऱ्यामुळे आमच्यापर्यंत आले नाही. ते तिला मात्र ऐकू गेले.

आम्ही धक्क्यावर उभे होतो. आमच्या नातीने दिशा बदललेली पाहून आम्हाला वाटले, हिची होडी ताब्यातून गेली. पाय लटपटू लागले. काकांची आठवण झाली, आजीची झाली. परंतु होडी ताब्यातून गेली नव्हती. वळसा घेऊन, होडीचे तोंड वाऱ्याकडे करून, शीड मोकळे फडफडत सोडून ती त्या मुलाच्या शेजारी थांबली. एका हाताने तिने त्याची होडी धरली. मोटारहोडी येईपर्यंत सुमारे आठ मिनिटे गेली असावीत. त्या वेळात इतर होड्या एकामागून एक पुढे निघून गेल्या. मुलगा सुखरूप बाहेर निघाल्यावर तिने शीड पुन्हा ओढले आणि शर्यत पुरी केली. पोहोचलेल्यांत ती शेवटची होती.

काठावर आल्यावर आम्ही विचारले, "बाळ, तू त्याला आपल्या होडीत का घेतले नाहीस?" ती म्हणाली, "आजोबा, त्याला आत घेतले असते तर माझीही होडी उलटली असती, आणि मग मोटारीला दोघांना शोधावे लागले असते. होडी सोडू नकोस, एवढेच मी त्याला सांगत होते. होडी मोठी असते, ती लांबून दिसते. डोके दिसत नाही." आणि थोडे थांबून म्हणाली, "तो रडत होता, म्हणून मी त्याला पाढे म्हणावयास लावले." छत्तीस वर्षे आम्ही पाढे म्हणवून घेतले. त्यांचा असा उपयोग आम्हाला कधी सुचला नव्हता.

शर्यतींच्या नियमावलीचा अगदी पहिला नियम असा आहे की, संकटात सापडलेल्या माणसास किंवा नौकेस प्रत्येक स्पर्धकाने शक्य ती सर्व मदत केलीच पाहिजे. आणि अशी मदत करताना ज्याचे नुकसान झाले, त्याला समितीकडे लेखी दाद मागता येते. शिक्षकांच्या सांगण्यावरून तिने अर्ज लिहिला. समितीने विचारले, "तुझा क्रमांक त्या वेळी कितवा होता?" ती म्हणाली, "तिसरा. पण माझ्या मागचा मुलगा वेगाने येत होता. त्याने बहुधा मला गाठले असते." अर्ज जिंकावयाचा असता तर हे दुसरे वाक्य बोलण्याची काहीच गरज नव्हती. समितीने तिला तिसऱ्या क्रमांकाचे गुण दिले. प्रत्यक्ष तिसऱ्या आलेल्या मुलाचा क्रमांकही कायम राहिला.

या नियमाचे मोठे उदाहरण १९८८ सालच्या सेऊल ऑलिंपिकमध्ये घडले. शिडाच्या होड्यांच्या शर्यती पुसान येथे चालू होत्या. कॅनडाचे लॉरेन्स लेम्यू हे आपल्या शर्यतीत दुसरे होते. पदक हाताशी आले होते. वारा ३५ नॉटांपर्यंत चढला होता. शेजारच्या मार्गावर सिंगापूरच्या दोघा खेळाडूंची होडी उलटलेली त्यांनी पाहिली. एकजण होडीस धरून होता, दुसरा प्रवाहाबरोबर दूर चालला होता. लेम्यू शर्यत सोडून वळले, दोघांनाही त्यांनी आपल्या होडीत ओढून घेतले आणि मदतीची नौका येईपर्यंत वाट पाहिली. शर्यतीत ते बाविसावे आले. पंचांनी त्यांना त्या शर्यतीपुरता दुसरा क्रमांक परत दिला. तरीही एकंदर निकालात ते अकरावे राहिले, पदक गेले ते गेलेच. पुढे आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने त्यांना पिएर द कुबेर्तॅं यांच्या नावाचे पदक देऊन गौरविले. त्या वर्षीच्या विजेत्यांची नावे आज कितीजणांस आठवतात?

आता आम्ही ज्या गोष्टीने दचकलो, ती सांगितली पाहिजे. ती सांगणे सुखाचे नाही. परंतु न सांगता पुढचे मागणे मागण्याचा आम्हाला अधिकार नाही.

पुष्कळ वर्षांपूर्वी, आम्ही किनाऱ्यावरील एका गावी शिक्षक असताना, आमच्या वर्गातील एक मुलगा खाडीत बुडाला. पाणी खोल नव्हते. काठावर त्याचे सोबती होते, पाच-सहाजण होते. एकासही पोहता येत नव्हते. खाडीच्या काठी जन्मलेली, मासळीवर वाढलेली मुले, आणि एकासही पोहता येत नव्हते! कारण पाण्याकडे फिरकलेल्या मुलास दुसऱ्या दिवशी वर्गात अंगठे धरून उभे करणारे मास्तर आम्हीच होतो. मुलाच्या वडिलांनी आम्हाला एका शब्दाने दोष दिला नाही. उलट, "मास्तर, तुम्ही सांगत होता ते खरे, पाणी वाईट," असेच ते म्हणाले. त्या वेळी आम्ही मान हलविली. आज आम्ही तशी हलविणार नाही. पाणी वाईट नव्हते. मुलांना पाण्याची ओळख नव्हती. आणि ती होऊ न देण्याचे पाप आमच्या पदरी आहे.

आजीचे दुःख खरे होते. तिला आम्ही नावे ठेवीत नाही. परंतु दुःखातून निघालेला नियम तीन पिढ्या तपासून न पाहता चालविला, ही चूक शिकलेल्या आमच्यासारख्यांची. शीड जाऊन यंत्र आले, गलबते किनाऱ्यावर कुजली, आपण मुलांना शाळा-कॉलेजांत घातले. हे योग्यच झाले. आपल्या स्मरणिकेत दरवर्षी डॉक्टर, इंजिनिअर, वकील यांची छायाचित्रे वाढत आहेत, याचा आम्हालाही अभिमान आहे. परंतु पुस्तक हाती घेण्यासाठी पाण्याकडे पाठ फिरविलीच पाहिजे, हे कोणी ठरविले? २००९-१० साली म्हादेई या शिडाच्या नौकेतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारे पहिले भारतीय, नौदलाचे कमांडर दिलीप दोंदे हे मराठी घरातलेच. त्यांची ती नौकाही गोव्यात बांधली गेली. आणि हा केवळ किनाऱ्यावरच्यांचा मक्ता आहे असेही नाही. मध्य प्रदेशात समुद्र नाही. तरी तेथील एका शेतकऱ्याची मुलगी नेहा ठाकूर भोपाळच्या तलावावर शिकली आणि २०२३ साली हांगझोऊ येथील आशियाई क्रीडास्पर्धेत शिडाच्या होडीत तिने रौप्यपदक मिळविले. तलावावर हे होते; आपल्या दाराशी तर अख्खा अरबी समुद्र आहे.

कोणी म्हणेल, मास्तर, हे श्रीमंतांचे खेळ. नवी होडी लाखांच्या घरात जाते, हे खरे. परंतु आमच्या नातीची होडी तिची नव्हे, मंडळाची आहे. छात्रसेनेच्या नौदल विभागातही विद्यार्थ्यांना शीड हाकावयास शिकवितात. तेथे होडी विकत घ्यावी लागत नाही, केवळ नाव नोंदवावे लागते. आणि पोहण्यास तर होडीही लागत नाही.

म्हणून आमचे मागणे फार मोठे नाही. संघाच्या शिक्षणनिधीतून दरवर्षी उन्हाळ्याच्या सुटीत ज्ञातीतील मुलामुलींसाठी, जाणत्या शिक्षकाच्या देखरेखीखाली, पोहण्याचे वर्ग काढावेत. मुलीही, हे मुद्दाम सांगतो. ज्यांना पुढे शिडाची हौस वाटेल, अशा दोन-चार मुलांच्या जाण्यायेण्याचा खर्च संघाने सोसावा. आणि आपल्यात जे मोजके वृद्ध अजून शीड बांधू जाणतात, त्यांना या वर्गांत सन्मानाने बोलवावे. मुलांना परभाण म्हणजे काय हे कळेल, आणि त्या वृद्धांना आपली विद्या अगदीच वाया गेली नाही असे वाटेल. या कामी आरंभ म्हणून आमच्या निवृत्तिवेतनातील एका महिन्याची रक्कम आम्ही चिटणीसांच्या स्वाधीन केली आहे. ती कोणत्या मुलाच्या स्मरणार्थ, हे आपणांस कळले असेलच. त्याचे नाव लावू नये, अशी त्याच्या घरच्यांची इच्छा आहे.

भावजयीस आम्ही काय सांगितले, ते राहिले. संध्याकाळी घरी परतल्यावर तिने उंबऱ्यातच विचारले, "समजावलेत का भाऊजी?" आम्ही म्हणालो, "होय. एकाने दुसऱ्याला समजावले खरे. कोणी कोणाला, ते विचारू नका." दहावीच्या वर्षी रविवारखेरीज होडी नाही, असा तह आजी आणि नात यांच्यात झाला, आणि त्यावर साक्षीदार म्हणून आमची सही घेण्यात आली. परीक्षेचा निकाल लागेल तो लागेल.